ओसरीवरची जागा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'तेरचा इतिहास' या विषयावर चार पानं लिहायला सांगितली. मी मूळचा तेरचा, त्यात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात पडणार हे दिसतच होतं. टाचणंही काढली. पण त्याच आठवड्यात सचिवांनी सोसायटीची जुनी इतिवृत्ताची वही चाळायला दिली. तिच्यात १९९९ सालचा, म्हणजे सोसायटीची नोंदणी व्हायच्या आधीच्या प्रवर्तकांच्या सभेतला एक ठराव सापडला आणि माझी टाचणं बाजूला राहिली. ठराव काय होता ते पुढे येईलच. मी तेरबद्दलच लिहिणार आहे, फक्त एकच गोष्ट धरून: घरातल्या म्हाताऱ्या माणसाची जागा कुठे होती, आणि ती कशी सरकत गेली.

तेरची थोरवी आपल्या धाराशिवकरांना नव्याने सांगायला नको. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर नावाचं मोठं शहर येतं, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं. तेच आपलं तेर. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं, असं तो लेखक सांगतो. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मुळात चैत्यगृह होतं, असं अभ्यासक मानतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात फिरून जमवलेल्या वस्तूंमधून आजचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. मुलांना घेऊन मी तिथे कितीतरी वेळा गेलो. मातीची खेळणी, मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंताची ती प्रसिद्ध बाहुली. दोन हजार वर्षांपूर्वी कोण काय विकत होतं ते त्या कपाटांतून कळतं. गाडी घेऊन पोरगा भडोचला गेला की मागे घरी म्हातारीला भाकरी कोण देत होतं, हे कपाटांतून कळत नाही.

तेरचे सगळ्यांत मोठे रहिवासी म्हणजे गोरोबाकाका. परंपरेने त्यांचा समाधीकाल शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ मानतात आणि जन्म १२६७ चा. हिशेब केला तर काका पन्नाशीत गेले. तरी सगळी संतमंडळी त्यांना काका म्हणायची, कारण त्या मेळ्यात वडीलपण त्यांच्याकडे होतं. मडकं कच्चं की पक्कं हे थापटणं घेऊन डोक्यावर मारून बघायचा अधिकारही त्यांनाच दिला गेला, नामदेवांची ती गोष्ट लहान मुलांनाही पाठ आहे. आमच्या गावात कुठल्याही घरातल्या वयस्कर माणसाशी बोलताना 'काका' म्हणायची जी सवय आहे, तिचं मूळ मी यातच धरतो. कुणी पुरावा मागितला तर माझ्याकडे नाही.

आता घरं. आमचं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा थर. पायात जुन्या पांढरीतून निघालेल्या फूटभर लांबीच्या विटा होत्या. दारातून आत आलं की ढेलज, मग अंगण, मग ओसरी, मग माजघर. घर मोजायचं ते खणांवर. आमचं पाच खणांचं. आणि त्यात म्हाताऱ्या पुरुषाची जागा ठरलेली होती, ढेलजेत किंवा ओसरीच्या कडेला बाज टाकून. कोण आलं, कोण गेलं, बैल पाण्यावर नेला का, पोर शाळेला निघालं का, हे सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. डोळे गेले तरी आवाजावरून तो ओळखायचा. म्हातारीची जागा चुलीजवळ, माजघराच्या उंबऱ्याला टेकून. ती लसूण सोलायची, तान्ह्याला मांडीवर घ्यायची. पायरी नाही, जिना नाही. परसात जायला भिंत धरून धरून जाता यायचं.

हे मी फार गोड करून सांगत नाही. त्या ओसरीवरच्या माणसाला अंघोळ कोण घालायचं, तर सून. रात्री उठून पाणी कोण द्यायचं, तर सून. तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि बाई विधवा असली, त्यात तिला मूल नसलं, तर चुलीजवळची जागाही तिला कुरकुरीनेच मिळायची. आमच्याच घरात वडिलांच्या एक आत्या होत्या. त्यांची वळकटी धान्याच्या बळदाजवळ, अंधाऱ्या खणात असायची. त्यांना कुणी उपाशी ठेवलं नाही, पण कुणी ओसरीवर या म्हणालं, असंही मला आठवत नाही.

शेती वाटली जायची तेव्हा मात्र आपले पूर्वज आपल्यापेक्षा जास्त व्यवहारी होते असं म्हणावं लागेल. वाटणीपत्रात आई-वडिलांसाठी 'जिवाई' काढून ठेवायची पद्धत होती. जिवाई म्हणजे त्यांच्या हयातीपुरता जमिनीचा तुकडा. तो जो कसेल त्याने त्यांना पोसायचं, आणि त्यांच्या मागे तो कुणाकडे जाणार हेही बहुतेक वेळा तेव्हाच ठरायचं. शब्द जुना, पण त्यातली अक्कल आजच्या कुठल्याही वकिलाला पटावी: सांभाळ आणि मालमत्ता एकाच कागदावर. जिथे जिवाई निघाली नाही तिथे 'पाळी' आली. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. महिना एकतीसचा असला की एका दिवसावरून भांडण. काही घरांत तर वडील एका भावाकडे आणि आई दुसऱ्याकडे अशी वाटणी झालेली मी पाहिली आहे. पन्नास वर्षं एका चुलीवर काढलेली माणसं, गल्लीच्या दोन टोकांना.

हे चित्र मोडायला सुरुवात झाली ती माणसं कामाला बाहेर पडल्यावर. आधी सोलापूर-बार्शीच्या गिरण्या होत्याच. मग १९७२ चा दुष्काळ आला. तेरणेच्या पात्रात झरे उकरून पाणी भरलेलं मला आठवतं, चौदा वर्षांचा होतो. तरणी माणसं खडी फोडायला गेली आणि घरी म्हातारी व लेकरं सुकडीवर राहिली. दुष्काळ सरला, पण बाहेर पडलेली सगळी माणसं परतली नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर अजून हेच चालू आहे. दिवाळीच्या आसपास नवरा-बायकोची कोयत्याची जोडी कारखान्याच्या ट्रकमध्ये बसते, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. मधले पाच-सहा महिने घरात आजी, आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडं. तिथे म्हातारी माणसं कुणाच्या सांभाळात नसतात, तीच सांभाळत असतात. हे लक्षात न घेता केलेलं वृद्धांचं कुठलंही नियोजन आपल्या जिल्ह्यात अर्धवटच राहील.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या आधी काही मिनिटं जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यातल्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि ती मुख्यतः आपल्याच घरांखाली गेली. ज्या रुंद भिंतींचं आणि जड माळवदाचं मी वर कौतुक केलं, त्यांनीच माणसं मारली. तेरमध्ये तसं काही झालं नाही, पण त्या दिवसापासून कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो. वडील मात्र बाज सोडायला तयार नव्हते. शेवटी बाजेसकट उचलून अंगणात आणले.

पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. काम प्रचंड मोठं होतं आणि झालंही, हे मान्यच करायला हवं. पण नवी गावं आखीव, रुंद रस्त्यांची, लांबच लांब पसरलेली. जुन्या गावात हाक मारली की चार घरं ओ द्यायची. नव्या गावात शेजार लांब गेला, आणि हे अंतर सगळ्यांत जास्त जाणवलं ते ज्याला चालवत नाही त्याला. नकाशा काढणाऱ्याने घर कुटुंबाचं म्हणून मोजलं. अडीचशे फुटांत नवरा, बायको, मुलं बसली. म्हाताऱ्याची बाज मोजायची राहिली. पुढे लोकांनी आपापल्या हाताने दारापुढे पत्र्याची पडवी काढली आणि तिथे बाज टाकली, म्हणजे ओसरी परत आणली.

आमच्याकडेही भूकंपाच्या भीतीने माळवदाशेजारी एक स्लॅबची खोली बांधली. वडील १९९५ मध्ये गेले, जुन्या ओसरीवरच. आई एकटी राहिली. स्लॅबच्या खोलीत ती झोपायची नाही, "उन्हाळ्यात तव्यासारखी तापती," म्हणायची. मी तोवर धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, नोकरीत स्थिर झालो होतो. एसटीने तासाभराचा रस्ता. दर रविवारी जायचो, आणि एवढं केलं की झालं असं मला वाटायचं.

इथे तो ठराव आला.

१९९९ च्या त्या सभेत आपल्या इमारतीचा नकाशा मांडला होता. तळमजला अधिक तीन. आर्किटेक्टने सुचवलं होतं की आत्ता लिफ्ट बसवली नाही तरी तिच्यासाठी जागा सोडून ठेवा. वहीत लिहिलंय: "लिफ्ट ही चैनीची बाब असून सर्व सभासद तरुण आहेत. सदर जागा फ्लॅटच्या क्षेत्रफळात घ्यावी. ठराव सर्वानुमते मंजूर." सर्वानुमते म्हणजे मीसुद्धा. त्या जागेतून आमच्या स्वयंपाकघराला चार फूट जास्तीचे मिळाले. तिथे आम्ही फ्रीज ठेवला.

२००४ च्या पावसाळ्यात आई रात्री परसात घसरून पडली. पहाटे शेजारची बाई दूध घ्यायला आली तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून मी तिला थेट आपल्या सोसायटीत आणलं, दुसऱ्या मजल्यावर. खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. त्या चौघांतले दोघे आज या जगात नाहीत. तिला कुठे राहायचंय हे मी विचारलं नाही. विचारायचं काय होतं, असंच मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर आई सात महिने खाली उतरली नाही. आमची ही तिचं सगळं करायची. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, टीव्ही समोर. आई खिडकीत बसायची. एकदा मला म्हणाली, "इथं कोण आलं कोण गेलं, काई कळतच न्हाई रे." मी हसण्यावारी नेलं. आज कळतं की ती ढेलज मागत होती.

मग सोसायटीने जे केलं ते या स्मरणिकेत नोंदवायलाच हवं. २००५ च्या वार्षिक सभेत तळमजल्यावरच्या एका वहिनींनी विषय काढला की जिन्याला भिंतीच्या बाजूनेही रेलिंग लावा, म्हणजे दोन्ही हातांनी धरून म्हातारी माणसं उतरतील. खर्चावरून वाद झाला. "तीन जणांसाठी सगळ्यांनी का भरायचं?" हेही कुणीतरी म्हणालं. शेवटी रेलिंग लागलं. फाटकाजवळच्या लिंबाखाली सिमेंटचा ओटाही बांधला. आई पहिल्यांदा उतरली तेव्हा अर्धा तास लागला. पण मग ती रोज संध्याकाळी त्या ओट्यावर असायची. कुणाचं पोर कितवीला आहे, कुणाकडे पाहुणे आले, गॅसवाला कुणाकडे थांबला, सगळं तिला माहीत. तुमच्यापैकी जी मुलं आता नोकऱ्या करताहेत, त्यांना 'तेरची आजी' आठवत असेल.

एक गोष्ट मात्र सोसायटीला दुरुस्त करता येण्यासारखी नव्हती, ती मी बिघडवली. २००७ मध्ये तेरचं घर विकलं. पडायला आलं होतं, भाऊबंदांतच गिऱ्हाईक होतं, किंमत बरी येत होती. आईच्या नावावर अर्धा हिस्सा होता. कागद तिच्यापुढे ठेवले. तिने अंगठा दिला. मग म्हणाली, "इकलं ते बरंच केलं. पण गोरोबाकाकाच्या जत्रंला मी आता कुठं उतरू?"

चैत्रातल्या त्या जत्रेला ती जन्मात कधी चुकली नव्हती. पुढच्या वर्षी आम्ही गाडी करून नेलं, दर्शन घेतलं आणि दुपारी परत आलो, जसे परगावचे लोक येतात तसे. त्यानंतर तिने जायचं नाव काढलं नाही. २०१३ मध्ये गेली.

या काळात सरकार आणि कायदा काय करत होते, तेही थोडक्यात सांगतो, कारण अनेक घरांत याची माहिती नसते. निराधारांसाठी संजय गांधी योजना १९८० पासून आहे. पासष्टीच्या पुढच्या गरीब वृद्धांना श्रावणबाळ योजनेतून सध्या महिना १५०० रुपये मिळतात, कौटुंबिक उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची. १९९५ मध्ये राज्याने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली, तेव्हा 'आपल्याकडे वृद्धाश्रम' या शब्दानेच लोक दचकले होते. खरं तर पुण्यातलं डेव्हिड ससून यांच्या नावाचं 'निवारा' एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. आई-बापाला पोसण्याची कायदेशीर जबाबदारी १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात आहे, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही आली. लग्न झालेल्या मुलीवरही ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात सांगितलं.

सगळ्यांत उपयोगी तो २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. साठ वर्षांपुढच्या माणसाला प्रांत ऑफिसमधल्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करून निर्वाह मागता येतो, महिना दहा हजारांपर्यंत. मूल नसेल तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळायची आहे त्याच्याकडून. आणि कलम २३: सांभाळाच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावे केली आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण अट कागदावर लिहिलेली हवी, नाहीतर ती होती की नव्हती यावरच कोर्टात वर्षं जातात. मला विचाराल तर ही जुनी जिवाईच आहे, नव्या भाषेत. आपल्याकडे मात्र अजूनही "आई, सही कर" एवढ्यावर काम होतं. बहिणींकडून हक्कसोडपत्र घेताना पुढे आईकडे बघणार कोण हे त्याच कागदात लिहा, असं सांगणारा माणूस मी गावात एकही पाहिला नाही. सोसायटीतही गैरसमज आहे की नॉमिनेशन केलं म्हणजे फ्लॅट त्याचा झाला. तसं नाही. नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. विधवा आईचं राहतं घर सुरक्षित ठेवायचं तर मृत्युपत्र वेगळं करावं लागतं.

आता माझी पाळी आहे. सदुसष्ट पूर्ण झाली, एसटीचं अर्धं तिकीट लागतं, गुडघे दुसऱ्या मजल्याला कुरकुरतात. मुलगा पुण्यात, बाराव्या मजल्यावर. लिफ्ट दोन आहेत. "नाना, तुम्ही आणि आई इकडेच या, तिकडचा फ्लॅट काढून टाकू," असं तो गेली दोन वर्षं म्हणतोय. पोरगा चांगला आहे, सूनबाई त्याहून चांगली. मी २००४ मध्ये जे आईशी केलं तेच तो प्रेमाने माझ्याशी करतोय, फरक एवढाच की तो विचारतोय.

म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही चौघं बसलो, मुलीला फोनवर घेतलं आणि एका वहीत लिहून काढलं. हिला आणि मला जोवर जिना चढवतो तोवर इथेच. दोघांपैकी एक राहिलं तर काय, हे दोघांसाठी वेगवेगळं लिहिलं, कारण हिला पुण्याला जायचंय आणि मला नाही. अंथरुणावर पडलो तर पगारी माणूस ठेवायचा, सगळं सुनेवर टाकायचं नाही. त्याचे पैसे माझ्या पेन्शनीतून. दवाखान्यात कुठवर न्यायचं हेही लिहिलं. ते लिहिताना मुलगी फोनवर रडली, मग गप्प बसली आणि मग तिनेच एक वाक्य दुरुस्त केलं. धाराशिवचा फ्लॅट आम्ही दोघं असेपर्यंत विकायचा नाही, भाड्यानेही पूर्ण द्यायचा नाही, एक खोली आमची. हे शेवटचं कलम मुलाला पटलेलं नाही. पैशाच्या हिशेबात त्याचं बरोबर आहे. मी त्याला आजीचा जत्रेचा प्रश्न सांगितला. तो म्हणाला, विचार करतो.

राहता राहिली लिफ्ट. सोडलेली जागा तर आम्हीच खाल्ली, त्यामुळे आता इमारतीच्या बाहेरून, उत्तरेच्या भिंतीला लागून लोखंडी सांगाड्याची लिफ्ट उभी करावी लागेल. तीन एजन्सींचे अंदाज आले आहेत. नगरपालिकेची परवानगी, इंजिनिअरचा दाखला आणि तळमजल्यावाल्यांनी किती भरायचं हा जुनाच वाद बाकी आहे. विषय पुढच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत क्रमांक चारवर आहे. लिंबाची एक मोठी फांदी त्यासाठी तोडावी लागणार, पण ओटा आहे तिथेच राहतो, हे मी स्वतः टेप लावून मोजून आलोय.